लॅपटॉपला फक्त दोनच थेंब

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत. उरलेली प्रत्यक्ष भेटीत टेकवीन.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना जास्त दुखतात की उतरताना, हे कळव, म्हणजे आम्हाला इकडे नेमकी काळजी करता येईल. भाऊजींचा खोकला गेला असेल, आणि गेला नसेल तर त्यांनी तो माझ्या नावावर खपवू नये; मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा मला फक्त शिंका होत्या. आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, पण पत्रात ते लागतंच म्हणून राहू दिलं आहे. अक्षराला हसू नकोस. थोडं पत्र बसून लिहिलंय, थोडं उभ्याने, आणि थोडं जिन्यात. आज बूड एका जागी टेकत नाही.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. कारण तू फोन उचललास की स्पीकरवर लावतेस आणि टेबलावर ठेवून भाजी निवडायला बसतेस, आणि मी इकडे जे हळू बोलतो ते तुझ्या शेजारणीला आधी कळतं. शिवाय आमच्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. पुढच्या दुकानात मी स्क्रू खाली पाडला तर आतल्या खोलीतून ही विचारते, कितवा नंबर होता? अशा घरात माणसाने खाजगी बोलायचं तर कागदावरच बोलायला हवं.

तर मुद्द्याचं. आपल्या भिंगरीचा लॅपटॉप बंद पडला आहे. गेल्या गुरुवारी पडला, आज मंगळवार. आमच्या दुकानासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे दिलाय. माणूस इतका कमी बोलतो की मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं आहे. (वय असेल पस्तिशीचं. पण डोळ्याला भिंग लावून मान खाली घातली की साठीचा वाटतो.) त्याच्याकडे आधीची रांग होती, म्हणून त्याने आमचा लॅपटॉप आज सकाळी उघडला. सकाळपासून मी चार वेळा वर जाऊन आलो. पहिल्यांदा तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदा मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही. तिसऱ्यांदा मी नुसता दारात उभा राहून त्याच्या खुर्चीचा आवाज ऐकत होतो, तर म्हणाला, काका, उजेड अडतोय. आणि चौथ्यांदा म्हणाला की दुकानात जाऊन बसा, वेळ जात नसेल तर कुणाला तरी पत्र लिहा. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून ऐकलं आणि तुला लिहायला बसलो.

आता त्या लॅपटॉपात काय आहे ते तुला नीट सांगतो, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला आहे ते कळेल. भिंगरीचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. तिचा प्रकल्प आहे शहरातल्या चौकांच्या आवाजावर. एक हातात मावणारं यंत्र घेऊन पोरगी तीन महिने सकाळ-संध्याकाळ अकरा चौकांत जाऊन उभी राहिली, कुठे किती गोंगाट होतो ते मोजत. उन्हात उभी राहिली, बसच्या धुरात उभी राहिली, एका चौकात तर वाहतूक पोलिसाने तिला तीनदा रस्ता ओलांडून दिला, तिला ओलांडायचा नसताना. हे सगळे आकडे आणि त्यावरचं शंभर पानांचं लिखाण त्या लॅपटॉपात आहे. येत्या सोमवारी द्यायचं आहे. नाही दिलं तर वर्ष गेलं. पेनड्राइव्हवर एक प्रत आहे, पण ती जुनी, तिच्यात आठच चौक आहेत आणि लिखाणाच्या नावाने पहिलं पान. पोरगी पाच दिवस कॉलेजच्या संगणकावर बसून आठवून आठवून परत लिहिते आहे. घरी येते ती डोळे सुजवून येते. जेवणावर लक्ष नाही. मी विचारलं की म्हणते, काही नाही बाबा.

(जरा थांब. वरची खिडकी उघडल्यासारखी वाटली. नाही, शेजारची होती.)

तू म्हणशील, यंत्र आहे, बिघडतं. बरोबर आहे. मी हे गेली चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. पण अक्का, मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझ्या हातून गेलेली मशीनं सासूकडून सुनेकडे गेली आणि अजून टाके घालताहेत. तेल, फडकं आणि झाकण, ह्या तीन गोष्टी ज्या घरात आहेत त्या घरात मशीन मरत नाही, हे मी पाटीवर लिहून दुकानात लावलंय. मग माझ्याच घरात एक मशीन आलं, तेही पोरीच्या शिक्षणाचं, आणि मी नुसता बघत बसायचं? माझे हात शिवशिवणार नाहीत का? भिंगरीने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की बाबा, ह्याला काही करायचं नसतं. आता असं कुठलं मशीन असतं ज्याला काही करायचं नसतं? मी मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं ह्यात फरक आहे, हे पोरीला अजून कळायचंय.

सुरुवात मी चोरापासून केली. ती रोज गच्च भरलेल्या बसने जाते आणि तो लॅपटॉप एका चकचकीत काळ्या बॅगेत नेते. म्हणजे चोराला आमंत्रणच. मी हिच्याकडून मशीन ऑइलच्या जुन्या जाड पिशवीला आतून फोम लावून घेतला आणि लॅपटॉप त्यात ठेवला. कुणाच्या बापाला शंका येणार नाही की आत काय आहे. आणि खरंच आली नाही. फक्त तिच्या शेजारी बसायलाही कुणी तयार होईना, आणि कॉलेजच्या दारावरच्या रखवालदाराने तिला मागच्या बाजूने जायला सांगितलं, कारण तेल-पाणी करणारी माणसं तिकडून जातात. दोन दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही. मग मी घरात लॅपटॉपला सायकलची साखळी लावून ती पायाच्या मशीनच्या लोखंडी स्टँडला अडकवली. साखळी बिजागरीच्या फटीतून गेली, ह्याचा मला अभिमान वाटला. किल्ली मात्र माझ्या खिशात राहिली आणि मी एका कारखान्यात ओव्हरलॉक मशीन बघायला गेलो. त्याच दिवशी तिच्या सरांनी तिला पडद्यावरून काही प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. तिने ते प्रश्न जमिनीवर मांडी घालून, मशीनच्या पॅडलमध्ये डोकं घालून घेतले. सर म्हणाले म्हणे, तुम्ही तुरुंगातून बोलताय का?

हे झालं चोराचं. (वर जाऊन आलो. दार आतून लावलंय. आतून स्क्रू ठेवल्याचा आवाज येतो आहे, तीन मोठे आणि बाकी बारीक. म्हणजे अजून खोलतोच आहे. जोडायला लागला की आवाज बदलतो.)

मग बटणं. अक्का, त्या लॅपटॉपाच्या बटणांच्या फटीत पावाचा इतका चुरा साठला होता की चिमण्यांचं एक कुटुंब पोसलं असतं. भिंगरी मैत्रिणीकडे गेली होती. मी एक एक बटण हलकेच उचकटलं आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने, खोललं त्याच क्रमाने, फडक्यावर मांडत गेलो. चौतीस वर्षांत ह्या पद्धतीने एक वॉशरसुद्धा माझा चुकलेला नाही. चुरा काढला, खालची पट्टी स्पिरिटने पुसली, आणि तेवढ्यात हाक आली म्हणून दारात गेलो. परत येतो तो हिने फडकं झटकून वाळत घातलं होतं. (तिची चूक नाही. तिला मी सांगायला हवं होतं. पण हे तिला सांगू नकोस.) बटणं पलंगाखालून गोळा केली. सगळी मिळाली. आता लावायची कशी? मी विचार केला, अक्षरं आहेत, अक्षरांना काहीतरी क्रम असणारच. लहानपणी तूच छडी घेऊन माझ्याकडून ए, बी, सी, डी पाठ करून घेतली होतीस. त्या क्रमाने लावली. सुरेख दिसायला लागलं. आधी ती कशीही पसरलेली होती, मला वाटलं कारखान्यात कुणीतरी घाईत बसवली असतील.

गंमत अशी, भिंगरीला चार दिवस पत्ताच लागला नाही, कारण ती बटणांकडे न बघता टाइप करते. पत्ता लागला तो तिच्या मैत्रिणीला. तिने आपलं नाव टाइप केलं आणि पडद्यावर जे उमटलं ते कुठल्या भाषेतलं आहे ह्यावर दोघींची बराच वेळ चर्चा झाली. त्या दिवशी भिंगरी रागावली नाही, हसली. इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही ना! मग माझ्याकडून वचन घेतलं की ह्यापुढे लॅपटॉपला हात लावणार नाही. मी दिलं. अगदी मनापासून दिलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि लॅपटॉप तिथेच, माझ्या दुकानाच्या टेबलावर, मशीनशेजारी ठेवत राहिली, कारण घरात दुसरा प्लग नाही.

आता गुरुवार. (पेन संपत आलंय. दुसरं शोधून आणतो. आणलं.)

गुरुवारी सकाळी तिने लॅपटॉपावर काहीतरी मोठी आकडेमोड लावली. अकरा चौकांचे सगळे आकडे एकत्र करून त्याची सरासरी की काय काढायची होती, त्याला तासभर लागणार होता. मला म्हणाली, बाबा, मी कॉलेजला जाऊन दुपारी येते, हा चालू आहे, बंद करू नका, हात लावू नका. मी म्हटलं, जा निवांत. ती गेली. मी एका शिलाई मशीनच्या शटलचा काठ कानशीने घासत होतो. घासताना लोखंडाचा कीस उडतो, तुला माहीत आहे, आणि तो लॅपटॉपाच्या दिशेने उडत होता. आता मला सांग, हात लावायचा नाही म्हणजे कीस पडू द्यायचा? मी हिने शिवलेलं झाकण, आतून दुहेरी फोम लावलेलं, वरून अलगद घातलं. हात लावला नाही. झाकण लावलं. वचनात झाकणाचा उल्लेख नव्हता.

दहा मिनिटांत आतून आवाज सुरू झाला. आधी घुंईं, मग घर्र, मग तो असा काही चढत गेला की मला राहवेना. यंत्र कण्हायला लागलं की मला जेवण गोड लागत नाही, हे तू जाणतेस. मी झाकणाची एक बाजू उचलली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लॅपटॉपाच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. अक्का, साफ ऐकू आलं. आत एक छोटा पंखा फिरत होता आणि त्याची बूश, म्हणजे दांडा फिरतो ती कडी, कोरडी होती. मी पैजेवर सांगतो, कोरडी होती! (आता कळतंय की झाकणामुळे लॅपटॉप तापला होता आणि म्हणून बिचारा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. पण तेव्हा मला बूश ऐकू येत होती.) कडेला बारीक जाळी आहे. तेलाच्या कुपीचं टोक त्या जाळीत असं बसलं की जणू त्याच्यासाठीच केली होती. मी एक थेंब सोडला. आवाज कमी झाला. मी दुसरा सोडला. आवाज थांबला. शांत. मला इतका आनंद झाला की मी हिला आतून बोलावून ऐकवलं, ऐक, काय ऐकू येतंय? ही म्हणाली, काहीच नाही. मी म्हटलं, तेच तर!

मग मी झाकण परत लावलं. वीसेक मिनिटांनी डोकावलो तर पडदा काळा. मला वाटलं, आकडेमोड संपली असेल, झोपला असेल.

दुपारी भिंगरी आली, बटण दाबलं, परत दाबलं, दाबत राहिली. काही नाही. अक्का, पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, माझंच चुकलं. आणि रडायला लागली. मी तोंड मिटलं. तिचं काय चुकलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ना? पण विचारलं असतं तर तिने मलाही काहीतरी विचारलं असतं. मी म्हटलं, असू दे, असू दे, चहा घेतेस? आणि चहा केला. ही आतल्या दारातून माझ्याकडे बघत होती. तिला तेलाचं माहीत आहे. ती एक शब्द बोललेली नाही, पाच दिवसांत माझ्याशी कुठल्याच विषयावर एक शब्द बोललेली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मौनीबाबाकडे गेलो. त्याने लॅपटॉप नाकाजवळ नेला. हुंगला. मग विचारलं, ह्यात काही सांडलं होतं का? भिंगरी लाल झाली, खाली बघायला लागली. मी म्हटलं, नाही. इतक्या जोरात म्हटलं की त्याच्याकडे बसलेलं दुसरं गिऱ्हाईक दचकलं. मौनीबाबाने माझ्या हातांकडे बघितलं. माझ्या नखांत काय असतं ते तुला माहीत आहे. पण तो मौनी माणूस, बोलला नाही. तेव्हापासून मी जे त्याच्याकडे खेटे घालतोय ते लॅपटॉपासाठी की त्याने तोंड उघडू नये म्हणून, हे माझं मलाच सांगता येत नाही.

आणि घरात मी चहा करतोय. सकाळी चहा, ती कॉलेजातून आली की चहा, लिहायला बसली की चहा. पोरगी काल म्हणाली, बाबा, तुम्ही किती करता हो माझ्यासाठी. अक्का, त्या क्षणी धरणीने मला पोटात घेतलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. उठून दुकानात आलो आणि बंद पडलेली नसलेली दोन मशीनं खोलली. खोलून परत जोडली. त्यातल्या एकाचा एक स्क्रू उरला आहे. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

असो. एवढंच सांगायचं होतं. मन मोकळं करावंसं वाटलं म्हणून लिहिलं, बाकी काही हेतू नाही. लॅपटॉपाचं जे व्हायचं ते होईल. भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना जप, आणि जिन्याचा कठडा हलतोय म्हणाली होतीस तर तो आधी घट्ट करून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. हेतू नाही असं वर लिहिलं आहे, पण आता कागद उरलाच आहे तर एक बारीकशी विनंती. तू गेल्या महिन्यात दोन दिवस आमच्याकडे राहायला होतीस. लॅपटॉप तिथेच टेबलावर होता, कुपीही तिथेच होती. तर तू भिंगरीला एक पत्र लिही, की अगं, मी आले होते तेव्हा तो आवाज करत होता, मला वाटलं मशीनच आहे, म्हणून मी त्यात थोडं तेल सोडलं. गेल्या महिन्यात घातलेलं तेल ह्या गुरुवारी कसं बाधलं, असं ती विचारील. तर लिही की तेल मुरायला वेळ लागतो. तू तीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस, तुझ्या वाक्याला उलट विचारायची कुणाची छाती नाही. शिवाय ती तुला काही म्हणणार नाही, आत्या म्हणजे तिचा जीव आहे. लहानपणी नानांचा रेडिओ मी खोलला होता तेव्हा तूच पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं होतंस. ओरडा तू खाल्लास. मी दाराआड उभा होतो. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही, तेही ह्या पत्रात धरून घे. पत्र लवकर टाक. जमल्यास तुझ्या नेहमीच्या सुवाच्य अक्षरात नको, जरा थरथरतं लिही.

ता. क. २. वरची विनंती रद्द. पाकीट चिकटवायच्या आत भिंगरी कॉलेजातून आली. आतल्या खोलीत न जाता माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. म्हणाली, बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, रागावू नका. गेल्या मंगळवारी बसने जोरात ब्रेक मारला तेव्हा लॅपटॉप तिच्या मांडीवरून खाली आपटला होता. दोन दिवस चालला, म्हणून ती घरी बोलली नाही. मग गुरुवारी बंद पडला. तेव्हापासून तिला वाटतंय की तिच्यामुळेच गेला, तिने तेव्हाच दाखवून घेतला असता तर वाचला असता, आणि आपण आईबाबांपासून लपवलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, शटलकडे बघत होती.

अक्का, तुझ्यापासून काय लपवायचं. मनात आलं की झालं, सुटलो, तुझ्या पत्राचीही गरज नाही. तिच्याच तोंडून आलं आहे, मी फक्त असू दे म्हणायचं. असू दे हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ती डोळे पुसत होती आणि पुसायला तिने माझंच तेलकट फडकं घेतलं होतं. मी म्हटलं, ते घेऊ नकोस, डोळ्याला झोंबेल. आणि मग सगळं सांगितलं. झाकण सांगितलं, कुपी सांगितली, दोन थेंब सांगितले. (खरे पाच होते. तुला वर दोन लिहिले आहेत. तिला पाच सांगितले.) दुकानात चिटपाखरू नव्हतं तरी मी अगदी हळू बोलत होतो.

ती ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, म्हणजे मी पाच दिवस रडत होते आणि तुम्ही मला चहा करून देत होतात? ती आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. ही बाहेर आली, पाच दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, एकदाचं सांगितलंत. आणि तीही आत गेली. मी हे पत्र आता फाडणार नाही. भिंगरीला वाचायला देतो. मला तोंडी जे नीट सांगता आलं नाही ते सगळं ह्यात आहे, लाज वाटण्यासारखं धरून.

ता. क. ३. आत्या, मी भिंगरी. पत्र मला देऊन बाबा बाहेर जाऊन उभे राहिलेत. मौनीबाबा (आम्ही त्यांना दादा म्हणतो) आत्ताच येऊन गेले. आत तेल होतं आणि तेलात लोखंडाचा कीस, त्यामुळे आतलं काहीतरी जळलं. त्याचा आपटण्याशी काही संबंध नाही, म्हणाले. पण त्यांनी फाइली काढून दिल्या. लिखाण सगळं आहे, दहा चौक आहेत. बसस्थानकासमोरचा एक चौक गेला. तो मी उद्या आणि परवा पुन्हा मोजीन, सोमवारपर्यंत होईल. बाबा म्हणाले मीही येतो, यंत्र धरायला.

मला राग आलाय, आत्या. खोटाखोटा नाही, खराच आलाय. ह्या पाच दिवसांत मी स्वतःला काय काय म्हटलं ते बाबांना माहीत नाही. बसमध्ये लॅपटॉप आपटला त्या क्षणापासून मी सगळं परत परत आठवत होते. आणि ते बघत होते. पण ह्या माणसावर रागवायचं कसं, हे मला समजत नाहीये. मी आत बसले की ते दारापर्यंत येतात, उभे राहतात, परत जातात. मग पुन्हा येतात. मगाशी त्यांनी माझ्या चपलांचा सुटलेला पट्टा शिवून दाराशी नीट मांडून ठेवला. आई म्हणते बोल दोन शब्द, आणि मला बोलायला गेलं की रडू येतं, आणि मी रडले की ते चहा ठेवायला धावतात.

म्हणून बाबांनी रद्द केलेली विनंती मी पुन्हा करते. तेल तूच घातलंस, असं तू मला लिही. मी लगेच विश्वास ठेवीन, एकही प्रश्न विचारणार नाही. तू लांब राहतेस. तुझ्यावर मला महिनाभर चिडून राहता येईल.